हॅरी हॉपमन : तीन फायनल हरलेला खेळाडू, सोळा कप जिंकून देणारा शिक्षक



एक प्रश्न आपल्या मनात कधी ना कधी येतोच. जे आपल्याला स्वतःला पूर्णपणे जमलं नाही, ते आपण मुलांना शिकवायचं कसं? गणितात जेमतेम पास झालेला माणूस गणिताचा चांगला शिक्षक होऊ शकतो का? तालुक्याच्या पुढे कधी न धावलेले पीटीचे सर राज्य पातळीवरचा धावपटू घडवू शकतात का? स्टाफरूममध्ये या विषयावर चहाचे किती कप रिकामे झाले असतील, याची मोजदाद नाही. आज ज्या माणसाची गोष्ट सांगणार आहे, तो या प्रश्नात आयुष्यभर राहिला. नाव हॅरी हॉपमन. देश ऑस्ट्रेलिया, खेळ टेनिस.

टेनिस बघणाऱ्या जुन्या मंडळींना रॉड लेव्हर, केन रोझवॉल, रॉय इमर्सन ही नावं पाठ असतील. हॉपमन हे नाव मात्र चटकन आठवत नाही. ते त्या सगळ्यांच्या शेजारी, कोर्टाच्या कडेला, खुर्चीवर बसलेले असायचे.

हॅरीचा जन्म 12 ऑगस्ट 1906 चा, सिडनीतल्या ग्लीब या भागातला. वडील शाळामास्तर. पुढे कुटुंब पॅरामॅटा भागात राहायला गेलं आणि वडील रोझहिल पब्लिक स्कूलचे मुख्याध्यापक झाले. या शाळेच्या पटांगणातच एक टेनिस कोर्ट होतं. हॅरीने तेराव्या वर्षी टेनिस खेळायला सुरुवात केली आणि त्याच कोर्टावर भरलेली खुली एकेरी स्पर्धा त्याने अनवाणी खेळून जिंकली. मुख्याध्यापकांचा मुलगा, आणि पायात बूट नाहीत! आपल्याकडच्या किती शाळांच्या मैदानावर हे चित्र आजही दिसतं, हे तुम्हाला मी सांगायला नको.

पुढे पॅरामॅटा हायस्कूलमध्ये तो टेनिसही खेळला आणि क्रिकेटही. मग टेनिसच धरलं. 1928 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या डेव्हिस कप संघात निवड झाली. डेव्हिस कप म्हणजे देशादेशांतली सांघिक स्पर्धा, हे माहीत नसलेल्यांसाठी सांगतो. त्या काळी दोन देशांत तीन दिवस पाच सामने व्हायचे, चार एकेरी आणि एक दुहेरी. पाचांपैकी तीन जिंकेल तो देश पुढे. आधीच्या वर्षीच्या विजेत्याला फक्त शेवटची लढत खेळावी लागे, तीही स्वतःच्या घरी. तिला चॅलेंज राउंड म्हणत. हे ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता हॉपमन यांच्या खेळाबद्दल. ऑस्ट्रेलियन अजिंक्यपद स्पर्धेच्या एकेरीत ते 1930, 1931 आणि 1932 अशी लागोपाठ तीन वर्षं अंतिम फेरीत पोचले. तिन्ही वेळा हरले. पहिल्या वर्षी एडगर मूनकडून, नंतर दोन्ही वर्षं जॅक क्रॉफर्डकडून. गंमत म्हणजे याच क्रॉफर्डबरोबर जोडी करून त्यांनी 1929 आणि 1930 ची पुरुष दुहेरी जिंकली होती. म्हणजे पलीकडचा माणूस कसा खेळतो हे त्यांना अगदी शेजारून ठाऊक होतं, आणि तरी एकेरीत त्याला हरवता आलं नाही. बायको नेल हॉल स्वतः उत्तम खेळाडू होती. 1934 मध्ये दोघांचं लग्न झालं. दोघांनी मिळून ऑस्ट्रेलियन मिश्र दुहेरी चार वेळा जिंकली. बघा, जोडीदार असला की हॉपमन जिंकत होते. एकटे असताना शेवटच्या पायरीवर पाय अडखळत होता.

पुढच्या आयुष्याची किल्ली मला इथेच दिसते. अर्थात हे माझं वाचन. पण दुसऱ्याच्या शेजारी उभं राहिलं की ज्याचा खेळ फुलतो, असा माणूस शिक्षक म्हणून जन्मालाच आलेला असतो, असं मला वाटतं.

त्या काळी टेनिस हौशी होतं. म्हणजे मोठ्या स्पर्धा खेळणाऱ्याने खेळाचे पैसे घ्यायचे नाहीत. पोटासाठी नोकरी हवीच. 1933 मध्ये हॉपमन मेल्बर्नच्या हेरल्ड वृत्तपत्रात क्रीडा पत्रकार म्हणून लागले. स्क्वॉशही ते उत्तम खेळत, देशातलं हौशी अजिंक्यपद मिळवण्याइतकं. स्क्वॉशमध्ये चार भिंतींच्या आत चेंडूमागे सतत पळावं लागतं. दम नसेल तर कितीही सुंदर फटका असून उपयोग नाही.

1938 मध्ये त्यांना डेव्हिस कप संघाचं कर्णधार केलं. न खेळणारा कर्णधार. वय अवघं 32. खेळ संपला होता असं मुळीच नाही, त्याच वर्षी अमेरिकन अजिंक्यपद स्पर्धेत ते उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेले. तिथे गाठ पडली डॉन बजशी, जो त्या वर्षी चारही मोठ्या स्पर्धा जिंकणार होता. सरळ सेटमध्ये हार. संघही शेवटच्या लढतीत अमेरिकेकडून हरला.

पुढच्या वर्षी पुन्हा अमेरिकाच. सप्टेंबर 1939, फिलाडेल्फियाजवळचा मेरियन क्रिकेट क्लब. पहिल्या दिवशी ऑस्ट्रेलियाने दोन्ही एकेरी गमावल्या. दुसऱ्या दिवशी, 3 सप्टेंबरला, ऑस्ट्रेलिया महायुद्धात उतरल्याची बातमी. विचार करा, घरापासून हजारो मैल दूर, देश युद्धात, आणि आपण 0-2 ने मागे. एड्रियन क्विस्ट आणि जॉन ब्रॉमविच या जोडीने दुहेरी जिंकली. मग क्विस्टने पाच सेट झुंजून बॉबी रिग्जला हरवलं, ब्रॉमविचने फ्रँक पार्करला हरवलं. 3-2. चॅलेंज राउंडमध्ये 0-2 वरून कोणी जिंकण्याची ही पहिलीच वेळ. दुहेरीत हरलेल्या अमेरिकन जोडीत जॅक क्रेमर नावाचा अठरा वर्षांचा मुलगा होता. हे नाव लक्षात ठेवा.

मग युद्धाची वर्षं आली, स्पर्धा बंद. 1946 पासून 1949 पर्यंत सलग चार वर्षं अमेरिकेने ऑस्ट्रेलियाला हरवलं. त्या वर्षांत कर्णधार दुसरे होते आणि हॉपमन वृत्तपत्रात लिहीत होते. कसं खेळायला हवं होतं हे बाहेरून लिहिणं सोपं असतं. आपल्यातलेही कोणी दुसऱ्याच्या वर्गाबाहेरून जाताना मनात म्हणतोच ना, मी असतो तर हा धडा असा घेतला असता! 1950 मध्ये हॉपमन यांना पुन्हा कर्णधार केलं गेलं. आता वर्ग त्यांचा.

पहिल्याच परीक्षेत त्यांच्या संघाने धक्का दिला. न्यूयॉर्कच्या फॉरेस्ट हिल्सवर एकेरीसाठी फ्रँक सेजमनबरोबर केन मॅक्ग्रेगर हा एकवीस वर्षांचा उंच मुलगा उतरवला. त्याने टेड श्रोडरला सरळ सेटमध्ये हरवलं. ऑस्ट्रेलियाने लढत 4-1 ने जिंकली आणि कप घरी आणला. तिथून पुढे 1967 पर्यंतच्या अठरा वर्षांत ऑस्ट्रेलियाने कप पंधरा वेळा जिंकला. 1939 चा धरून हॉपमन यांच्या नावावर सोळा.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. ते शिकवत काय होते?

फटका कसा मारायचा, हे त्यांनी फारसं शिकवलंच नाही! मुलगा ज्या पद्धतीने फोरहँड मारतो तशी मारू द्यायची, पकड मोडायची नाही. त्याच्याकडे जे चांगलं आहे ते आणखी धारदार करायचं. बहुतेक मुलं त्यांच्याकडे येत तेव्हा त्यांचे फटके आधीच्या गुरूंनी घडवलेले असत. लेव्हरला क्वीन्सलँडमध्ये चार्ली हॉलिस यांनी घडवलं होतं. आधीच्या शिक्षकाची कामगिरी पुसून आपली पाटी कोरी करून घ्यायची, हा मोह हॉपमन यांना झाला नाही. आपल्याकडे पहिलीतून दुसरीत गेलेल्या मुलाचं अक्षर बघून दुसरीच्या बाई काय म्हणतात, ते आठवून बघा.

त्यांनी शिकवला तो दम. सकाळी धावणं, मग व्यायामशाळा, दोरीवरच्या उड्या, मग कोर्टावर तासन् तास. एका बाजूला एक मुलगा, दुसऱ्या बाजूला दोन, आणि त्या एकाने दोघांच्या फटक्यांमागे पळायचं. पाय लटपटेपर्यंत. किंवा हॉपमन स्वतः चेंडूंचा ढीग घेऊन नेटजवळ उभे राहणार आणि एकामागून एक चेंडू डावीकडे, उजवीकडे, डोक्यावरून टाकत राहणार. पहिला चेंडू परतवून श्वास घ्यायच्या आत दुसरा आलेला. त्या काळी टेनिस हा सभ्य मंडळींचा दुपारचा खेळ समजला जाई, आणि हे पैलवानांसारखी मेहनत करून घेणं अनेकांना विचित्र वाटलं. पण हिशोब साधा होता. सामना पाचव्या सेटपर्यंत गेला, तर समोरचा थकलेला असेल आणि आपला मुलगा ताजा. फटका समोरच्याचा सुंदर असेल, पण चेंडूपाशी आधी आपला पोचेल.

या मुलांची घरं बघा. इमर्सन दुधाच्या धंद्यातल्या शेतकऱ्याचा मुलगा, लहानपणी गाईंच्या धारा काढलेला. रोझवॉलच्या वडिलांचं सिडनीत किराणा दुकान. लेव्हर क्वीन्सलँडच्या ग्रामीण भागातला, किरकोळ बांध्याचा, लाल केसांचा, लाजाळू. त्याची चाल इतकी सुस्त होती की हॉपमन यांनी थट्टेने त्याला रॉकेट हे टोपणनाव दिलं. पुढे जगाने तेच नाव कौतुकाने घेतलं, कारण तोपर्यंत ते खरं झालेलं होतं. वर्गात दिलेलं टोपणनाव मुलाला आयुष्यभर चिकटतं, हे आपण जाणतोच. बहुतेक वेळा ते इतकं छान निघत नाही.

हॉपमन यांची शिस्तही कडक. 1952 मध्ये ल्यू होड आणि केन रोझवॉल या दोघा सतरा वर्षांच्या मुलांना घेऊन ते संघाबरोबर परदेश दौऱ्यावर गेले. झोपायची वेळ ठरलेली, सरावाची ठरलेली. कपडे नीटनेटके, जेवणाच्या टेबलावर रीतभात, पंचाशी हुज्जत नाही. चुकलं की दंड, रोख पैशात. पोरं कुरकुरायची. आई-बापांनी सतरा वर्षांचं लेकरू महिनोन् महिने या माणसाच्या हवाली केलं होतं, तेव्हा जबाबदारी नुसत्या टेनिसची नव्हती, हेही खरं.

आता 1953 च्या डिसेंबरची मेल्बर्नची लढत सांगायलाच हवी. कूयाँगचं मैदान खचाखच भरलेलं. होड आणि रोझवॉल जेमतेम एकोणीस वर्षांचे. समोर अमेरिकेचे टोनी ट्रॅबर्ट आणि विक सीक्सास, वयाने आणि अनुभवाने मोठे. पहिल्या दिवशी होड जिंकला, रोझवॉल हरला. दुहेरीत मोठी चूक झाली. होड-रोझवॉल या जोडीने त्याच वर्षी ऑस्ट्रेलियन, फ्रेंच आणि विम्बल्डन अशा तिन्ही दुहेरी जिंकल्या होत्या. तरीही ती जोडी फोडून होडबरोबर रेक्स हार्टविगला उतरवलं. सरळ तीन सेटमध्ये हार. देशभर बोंबाबोंब झाली, निवड समितीबरोबर हॉपमन यांच्यावरही. अमेरिका 2-1 ने पुढे.

तिसऱ्या दिवशी होडसमोर ट्रॅबर्ट. रिमझिम पाऊस, गवत निसरडं. पहिले दोन सेट होडचे, पुढचे दोन ट्रॅबर्टचे. सामना अटीतटीला आलेला असताना होड घसरून सपशेल आडवा पडला. मैदान चिडीचूप. तुम्ही कर्णधार असता तर काय केलं असतं? धावत जाऊन कुठे लागलं ते विचारलं असतं? सांभाळून खेळ म्हणाला असता? हॉपमन हसले, हातातला टॉवेल होडच्या डोक्यावर फेकला आणि त्याची थट्टा केली. होडलाही हसू आलं. तो उठला, आणि पाचवा सेट 7-5 ने जिंकला. दुसऱ्या दिवशी रोझवॉलने सीक्सासला हरवून कप राखला.

तो टॉवेल मला फार महत्त्वाचा वाटतो. वर्षभर दंड करणारा, वेळेवर झोपायला लावणारा माणूस नेमक्या त्या क्षणी हसला. कारण दम तयार होता, खेळ तयार होता, आता काही शिकवायचं उरलं नव्हतं. उरली होती ती पोराच्या छातीतली भीती. परीक्षेच्या हॉलबाहेर शेवटच्या पाच मिनिटांत पुस्तक उघडून मुलाला प्रश्न विचारणाऱ्या पालकांना (आणि मीही त्यात आलो) हा प्रसंग वाचून दाखवावासा वाटतो.

इथे थांबलो तर गोष्ट गोड होईल, पण पुरी होणार नाही. हॉपमन यांची दुसरी बाजूही सांगतो.

त्यांचे मोठे झालेले खेळाडू एकामागून एक व्यावसायिक टेनिसकडे गेले. आधी सेजमन आणि मॅक्ग्रेगर, मग रोझवॉल, मग होड, कूपर, अँडरसन, 1962 संपता संपता लेव्हर. तिथे खेळाचे राजरोस पैसे मिळत, पण विम्बल्डन आणि डेव्हिस कपची दारं बंद होत. ही मंडळी उभी करण्यात पुढाकार होता त्याच जॅक क्रेमरचा, 1939 मध्ये दुहेरीत हरलेल्या मुलाचा. हॉपमन यांचा या जाण्याला ठाम विरोध. सेजमनने हौशीच राहावं म्हणून त्याच्या लग्नाच्या निमित्ताने लोकवर्गणी जमवली गेली, पेट्रोल पंप घेऊन देण्यासाठी, आणि त्यात हॉपमन पुढे होते. खेळाचे पैसे घ्यायचे नाहीत, पण लग्नाचा आहेर चालतो! हा दुटप्पीपणा तेव्हाही लोकांच्या लक्षात आला होता. क्रेमरने तर पुढे हॉपमन यांच्यावर कडाडून टीका केली.

दुसरी गोष्ट मला जास्त खटकते. हॉपमन एकीकडे या मुलांचे कर्णधार आणि दुसरीकडे त्यांच्याबद्दल वर्तमानपत्रात लिहिणारे. सकाळी ज्याला पळवायचं, त्याच्याबद्दल संध्याकाळी छापायचं. आपल्या वर्गातल्या मुलाची कच्ची बाजू आपण गावच्या पेपरात लिहिली तर काय होईल, याचा विचार करा. शिवाय, किराणा दुकानदाराच्या मुलाने कमवायचं कधी? त्याच्या जिवावर मैदानं भरत होती, देशाची मान उंच होत होती, आणि त्याने मात्र हौशीच राहावं ही अपेक्षा. विद्यार्थी आपल्या हातून निसटतोय हे काही शिक्षकांना सोसत नाही. हॉपमनही त्यांतलेच.

पण दर वेळी ते पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायचे, हेही तितकंच खरं. होड-रोझवॉल गेले तर 1957 मध्ये कूपर आणि अँडरसनना घेऊन जिंकले. तेही गेले तर 1959 मध्ये फ्रेझर, लेव्हर, इमर्सन. लेव्हर गेल्यावर 1963 मध्ये कप हातचा गेला, तर 1964 मध्ये इमर्सन आणि फ्रेड स्टोलला घेऊन अमेरिकेतून परत आणला. दहावीची चांगली तुकडी बाहेर पडल्यावर जूनमध्ये पुन्हा नव्या चेहऱ्यांसमोर उभं राहणं आपल्याला ठाऊक आहे. त्यांचा जून दर दोन-तीन वर्षांनी यायचा.

आपल्या देशाचीही त्यांच्या संघाशी गाठ पडली होती. 1959 मध्ये बोस्टनला रामनाथन कृष्णन यांनी लेव्हरला हरवलं, जरी लढत ऑस्ट्रेलियाने 4-1 ने जिंकली. मग 1966 चा डिसेंबर, पुन्हा कूयाँग, आणि भारत पहिल्यांदाच चॅलेंज राउंडमध्ये. पहिल्या दिवसाच्या दोन्ही एकेरी गेल्या. दुहेरीत समोर जॉन न्यूकम आणि टोनी रोश, 1965 चे विम्बल्डन विजेते. कृष्णन आणि जयदीप मुखर्जी यांनी पहिला सेट गमावून पुढचे तीन घेतले. उरलेल्या दोन्ही एकेरी ऑस्ट्रेलियाने जिंकल्या आणि निकाल 4-1 असा लागला. पण हॉपमन यांच्या तालमीतल्या त्या जोडीला त्यांच्याच अंगणात हरवणं ही साधी गोष्ट नव्हती. वर्गात ही गोष्ट सांगाल तेव्हा हा भाग गाळू नका.

1968 च्या जानेवारीत नेल मेंदूच्या गाठीने गेली. त्याच वर्षी मोठ्या स्पर्धा व्यावसायिक खेळाडूंना खुल्या झाल्या. ज्या भिंतीसाठी हॉपमन भांडले होते, तीच पडली. वर्ष संपताना कपही अमेरिकेकडे गेला. 1969 मध्ये मेक्सिकोकडून हार झाली आणि हॉपमन यांची कर्णधारपदाची कारकीर्द संपली.

वय 63. सोळा कप नावावर. दुसरा कोणी असता तर आठवणी लिहीत बसला असता. हॉपमन अमेरिकेत गेले आणि न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर पोर्ट वॉशिंग्टन टेनिस अकादमीत मुलांना शिकवू लागले. पुन्हा तेच, चेंडूंचा ढीग, एकाविरुद्ध दोघं, पळा. त्या मुलांत व्हिटास गेरुलायटिस होता आणि एक कुरळ्या केसांचा डावखुरा पोरगा होता, जॉन मॅकेन्रो. पंचाशी हुज्जत घालणाऱ्याला दंड करणाऱ्या गुरूच्या अकादमीतून मॅकेन्रो बाहेर पडावा! पुढे पंचांशी भांडण्यात त्याने केवढं नाव काढलं हे सांगायला नको. म्हणजे आपण शिकवलेलं सगळंच मुलं घेतात असं नाही. पण दुहेरी खेळायची आवड आणि देशासाठी डेव्हिस कप खेळायची ओढ मॅकेन्रोने कधी सोडली नाही.

पुढे दुसरी पत्नी लुसी हिच्यासह त्यांनी फ्लोरिडात स्वतःची अकादमी काढली. तिथे फक्त चॅम्पियन व्हायला आलेली मुलं नव्हती. फी भरून येणारे हौशी लोकही असत, पोट सुटलेले, चाळिशी ओलांडलेले. त्यांनाही तोच सराव. 1978 मध्ये आंतरराष्ट्रीय टेनिस हॉल ऑफ फेममध्ये त्यांचा समावेश झाला.

27 डिसेंबर 1985 रोजी फ्लोरिडात हृदयविकाराच्या झटक्याने ते गेले. वय 79. नाताळनंतरचा हा आठवडा म्हणजे ऑस्ट्रेलियातला ऐन उन्हाळा. कूयाँगवर, सिडनीत, ॲडलेडला चॅलेंज राउंड याच दिवसांत व्हायचे, आणि हॉपमन कोर्टाच्या कडेला खुर्चीवर असायचे. तीन वर्षांनी पर्थ शहरात त्यांच्या नावाने हॉपमन कप सुरू झाला. प्रत्येक देशाचा एक पुरुष आणि एक स्त्री, दोघांची एकेरी आणि मग दोघांनी मिळून मिश्र दुहेरी. पुढे कित्येक वर्षं लुसी त्या स्पर्धेला अमेरिकेहून येऊन बसत असे.